साठ बाटल्या आणि मी

घरी बिअर बनवतो असं सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांत एकदम आदर दाटतो. त्याला वाटतं, मी मोठ्या पातेल्यावर वाकून बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांचा वास घेत असणार, डोळे मिटून मान डोलवत असणार. प्रत्यक्षात मी मोरीत उकिडवा बसून बाटल्या घासत असतो. बिअर बनवतं ते यीस्ट, साखरेची दारू करणारे सूक्ष्मजीव. मी भांडी घासतो.

वीस लिटर बिअर भागिले ३३० मिलिलिटर, साधारण साठ बाटल्या. शाळेत हे गणित घातलं असतं तर मी दुसरा छंद शोधला असता.

बाटल्या मित्र पुरवतात. या बाबतीत ते फार उदार, पण रिकामी बाटली पूर्ण रिकामी करून देणं त्यांच्या स्वभावात नाही. एकीत सिगारेटचं थोटूक असतं, तर दुसरीच्या तळाशी हिरवट-राखाडी लोकरीची टोपी उगवलेली असते. पिऊन झाल्याझाल्या दोनदा विसळून ठेवा, एवढीच माझी विनंती. सगळे "हो हो" म्हणतात.

मग लेबलं. टबात गरम पाणी, त्यात धुण्याचा सोडा, आणि बाटल्या बुडवून वाट बघायची. काही लेबलं सज्जन असतात, अर्ध्या तासात आपणहून तरंगत वर येतात. चंदेरी, प्लास्टिकचा मुलामा दिलेली मात्र घरजावयासारखी चिकटून बसतात. वरचा पापुद्रा निघतो, खालचा राहतो. खालचा निघतो, गोंद राहतो. तेल चोळलं की गोंद जातो. पण तेल राहतं, आणि तेलकट काचेवर बिअरचा फेस टिकत नाही. म्हणजे पुन्हा सोडा. तोवर माझी बोटं मनुकांसारखी झालेली असतात.

एवढं करून बाटली फक्त स्वच्छ होते, निर्जंतुक नाही. हा फरक मी बायकोला समजावून सांगत होतो. ती म्हणाली, "तुझा परवाचा कप अजून टेबलावर आहे. तो यातला कुठला?"

निर्जंतुक करायला एकदा ओव्हन वापरून पाहिला. १७० अंशांवर तासभर. काच तडकू नये म्हणून तापवायचंही हळूहळू आणि निववायचंही हळूहळू. एका खेपेला मावल्या बारा. उरलेल्या अठ्ठेचाळीस माझ्याकडे बघत होत्या.

आता फॉस्फोरिक आम्लाचं जंतुनाशक आणलंय. त्याचा फेस होतो ढीगभर, आणि डब्यावर सूचना असते: विसळू नका. लहानपणी आईनं पाठीत धपाटे घालून शिकवलं होतं, फेस जाईपर्यंत विसळ. त्या फेसावरच बिअर ओतताना अजून हात कापतो. पण विसळलं तर नळातले जंतू परत आत. बिअर नासते ती जंतूंमुळे, हे पाश्चरनं १८७६ साली लिहून ठेवलं आणि आमच्यासारख्यांची झोप उडवली. त्यातून आम्ही बाटलीत बुडबुडे यावेत म्हणून लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर घालतो. ती मूळच्या यीस्टनं खाऊन वायू करावा म्हणून. पण एखादं रानटी यीस्ट घुसलं, तर मूळचं यीस्ट ज्या साखरेला तोंड लावत नाही तीही ते फस्त करतं, वायू वाढत जातो आणि मध्यरात्री कपाटात धडाम.

तर परवा साठही बाटल्या घासल्या, निर्जंतुक केल्या, भरल्या. बुचं बसवायला घेतली. विल्यम पेंटरनं १८९२ मध्ये पेटंट घेतलेलं हे दातेरी बूच, दांडा दाबला की खटकन बसतं. एकोणसाठ वेळा बसलं. साठाव्याला बसेना. चष्मा लावून पाहिलं, तर बाटलीच्या गळ्याला आटे! पिळून उघडायची बाटली. तिच्यावर हे बूच घट्ट बसत नाही. आणि ही तीच, चंदेरी लेबलवाली, जिच्यावर माझा पाऊण तास गेला होता.

भरलेली बिअर टाकवेना. कोमट, बिनबुडबुड्यांची, तशीच ग्लासात ओतली आणि एक घोट घेतला.

"ग्लास धुतला होतास का?" आतून आवाज आला.