पाळीचं दुखणं, गोळी आणि योग: एका ताईंना उत्तर

ताई, ‘योगाच्या नावाखाली तुम्ही मुलींना गोळीपासून आणि डॉक्टरपासून लांब ठेवता; शिवाय दहा बाय बाराच्या खोलीत मॅट पसरायची कुठे?’ असं तुम्ही विचारलंय. गोळी घेऊनही भाचीचं दर महिन्याला दोन दिवस कॉलेज बुडतं, हे वाचल्यावर तुमचा राग समजतो.

पण गोळी सोडा, असं मी कुणालाच सांगत नाही. पाळीत गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात. त्यांनी गर्भाशयाचा स्नायू आवळतो, तिथलं रक्त कमी पडतं आणि ओटीपोटात कळा येतात. दुखण्यावरच्या गोळीतलं मेफेनॅमिक अ‍ॅसिड ही द्रव्यं तयार होणंच रोखतं. म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी दुखायला लागताच, काहीतरी खाऊन घ्यावी. लोकलच्या गर्दीत घाम फुटेपर्यंत सोसत राहू नये. हे ‘सोसायचंच असतं’ मुलींच्या डोक्यात कोण भरवतं, याचा मला खरंच संताप येतो.

योगाचा उपयोग होतो तो महिनाभर नेमाने केल्यावर. 2019 च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात, योगासह अनेक व्यायाम तपासले होते. आठवड्यातून किमान तीनदा, 45 ते 60 मिनिटं व्यायाम केला तर 100 च्या मोजपट्टीवर दुखणं साधारण 25 ने उतरू शकतं, असं त्यात दिसलं. पुरावा भक्कम नाही, हेही तिथेच नोंदवलंय. तरी अंथरुणाला खिळलेली मुलगी उठून लेक्चरला बसली, तर मला ते थोडं वाटत नाही.

जागेचं म्हणाल, तर माझ्या लालबागच्या वर्गातल्या बऱ्याच मुली चाळीतच राहतात. मार्जारासनाला एक चटई पुरते: हात-गुडघे टेकून, श्वास सोडताना पाठ वर, घेताना खाली, अगदी सावकाश. पहिल्या दिवशी तेही नको. लोडावर रेलून तळपाय जुळवायचे, ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची. दोन्ही मांड्यांखाली उशा मात्र हव्यातच, नाहीतर जांघा ताणतात आणि मुलगी ओठ आवळून नुसती पडून राहते.

भाचीला मात्र आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या, माझा वर्ग नंतर. गोळीनेही भागत नसेल तर एंडोमेट्रिओसिससारखं (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) काही नाही ना, हे तपासायला हवं. दुखणं वर्षागणिक वाढतंय का, एरवीही दुखतं का, शौचाला बसताना कळ येते का, तासाभरात पॅड भिजतं का, हे तिला एकटीला विचारा आणि कागदावर लिहून सोबत न्या. ओपीडीच्या गर्दीत, आईसमोर, मुली ‘थोडंसं दुखतं’ एवढंच सांगतात.