संध्याकाळचे गाठोडे

रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास माझी आई दोन साड्या आणि एक पंचा जुन्या चादरीत बांधते, गाठोडे काखेत धरून दारापाशी उभी राहते आणि "मला घरी सोड" म्हणते. स्मृतिभ्रंशाच्या पहिल्या वर्षी मी तिला "आई, हेच तुझे घर" असे पटवत राहिले. त्यातून फक्त रडारड झाली. "चहा घेऊन निघू या" हे साधे वाक्य मला शिकवले ते काळजीवाहकांच्या ऑनलाइन गटातल्या नागपूरच्या एका काकांनी, ज्यांची पत्नी रोज स्टेशनवर जायला निघते. चहा होईपर्यंत गाठोडे बहुधा विसरले जाते.

साठीपुढच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांतल्या बहुतेकांना घरचेच सांभाळतात, आणि सांभाळणाऱ्याला कुठल्या बैठकीला जायचे तर आधी रुग्णाला कोणाकडे सोपवायचे, हाच प्रश्न उभा राहतो. म्हणून आई झोपल्यावर, रात्री साडेदहाला, अंधारात बसून का होईना, हजर राहता येणारी या ऑनलाइन गटासारखी बैठक मला अत्यावश्यक वाटते. नातेवाइकांच्या गटावर "आज मला आईचा फार राग आला" असे लिहून पाहा. मातृसेवेच्या पुण्याची फुलाफुलांची चित्रे दहा मिनिटांत येतात.

तरीही दोन बाबतींत माझे काळजीवाहकांच्या गटाशी पटत नाही. "आमच्याकडे या गोळीची अर्धी दिली की रात्रभर शांतता" असे संदेश सद्भावनेनेच येतात. पण स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये मनोविकारांवरच्या अशा काही औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिलेला आहे. गट चालवणाऱ्यांनी वाईटपणा घेऊन असे संदेश तिथल्या तिथे काढून टाकले पाहिजेत.

दुसरी बाब छायाचित्रांची, आणि तिथे गुन्हेगार मीच आहे. गाठोडे घेतलेल्या आईचे छायाचित्र मी तिला न विचारता गटावर टाकले. विचारले असते तरी तिला कळले नसते, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. दुसऱ्या दिवशी माझ्या मोबाइलवर तिला ते दिसले. बराच वेळ निरखून ती म्हणाली, "कोण गं ही? हिला कोणी घरी का नेत नाही?"

मी ते छायाचित्र लगेच काढले. गटात एकशे चाळीस माणसे आहेत. कोणाकोणाच्या मोबाइलमध्ये ते राहिले असेल, ठाऊक नाही.