विजेने मुळा-मुठा स्वच्छ होणार, म्हणे!

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. क्लोरीन असलेली विषारी रसायनं आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र करून वीज सोडली की अ‍ॅस्पिरिन तयार होतं, हवाही शुद्ध होते. तेव्हा महापालिकेने मुळा-मुठेत इलेक्ट्रोड सोडावेत, असं त्यात म्हटलंय.

यातली मूळ अभिक्रिया खरी आहे. क्लोरोबेन्झीनच्या (बेन्झीनला क्लोरीनचा अणू जोडलेलं रसायन) रेणूला कॅथोडवर, म्हणजे ऋण इलेक्ट्रोडवर, दोन इलेक्ट्रॉन मिळाले की क्लोरीन क्लोराइड होऊन सुटतो, उरलेल्या तुकड्याला कार्बन डायऑक्साइड जोडला जातो आणि बेन्झोइक आम्लाचा क्षार मिळतो, अ‍ॅस्पिरिन नव्हे. चांदीचा कॅथोड वापरला तर क्लोरीन सोडवणं जरा सोपं जातं.

पण नदीत? ही अभिक्रिया सहसा डीएमएफसारख्या कोरड्या, म्हणजे पाण्याचा अंश नसलेल्या, द्रावकात करतात, आणि डीएमएफ स्वतः यकृताला घातक. पाणी शिरलं की त्या तुकड्याला कार्बन डायऑक्साइडऐवजी पाण्यातला हायड्रोजनच चिकटतो. नदीत तर बहुतेक वीज पाणी फोडण्यातच संपेल. शिवाय मुठेचं मुख्य दुखणं आहे प्रक्रिया न करता सोडलेलं सांडपाणी. त्याला मैलाशुद्धीकरण केंद्रं लागतात, चांदीच्या पट्ट्या नव्हेत.

'हवा शुद्ध होते' हा दावा तर साध्या हिशेबातच पडतो. 1 किलो बेन्झोइक आम्लात सुमारे 360 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बांधला जातो. एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही आणि 5 व्होल्टवर काम भागलं असं धरलं, तरी सुमारे 2.2 युनिट वीज लागते. आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे दीड किलोच्या आसपास. 360 ग्रॅम पकडायला दीड किलो सोडायचा! बरं, नेहमीच्या पद्धतीत अ‍ॅनोड (धन इलेक्ट्रोड) मॅग्नेशियमचा असतो आणि तो झिजत जातो. किलोभर आम्लामागे सुमारे 200 ग्रॅम. ते मॅग्नेशियम बनवायला लागलेली ऊर्जा या हिशेबात धरलेलीच नाही. उलट बेन्झोइक आम्ल कारखान्यात टोल्युइन आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून स्वस्तात होतं.

अ‍ॅस्पिरिनसाठी लागणारं सॅलिसिलिक आम्ल कार्बन डायऑक्साइड वापरूनच बनतं, पण फिनॉलच्या सोडियम क्षारापासून, उष्णता आणि दाब देऊन. एकोणिसाव्या शतकातली ही पद्धत आहे. त्यात ना क्लोरीनचं विष, ना वीज.

'विष नाहीसं होतं' हेही अर्धवटच. दोन क्लोरीन असलेल्या डायक्लोरोबेन्झीनमधला एकच क्लोरीन सुटला, तर हाती येतं क्लोरोबेन्झोइक आम्ल. क्लोरीन तिथेच.

या पद्धतीला खरा वाव आहे तो महागड्या औषधांत. आयबुप्रोफेन अशा मार्गाने करता येतं, मात्र तिथे क्लोरीन बेन्झीनच्या वलयावर नसून बाजूच्या साखळीवर असतो आणि सहज सुटतो. कुरकुंभसारख्या एमआयडीसीतल्या दाट क्लोरीनयुक्त टाकाऊ मालावर उद्या कुणी ती लावून पाहिलीच, तर तो माल आधी वेगळा काढून, शुद्ध करून, वाळवावा लागेल. त्या खर्चाचा आकडा फॉरवर्डमध्ये कुठेच नाही.