घराण्यात कुणाला नाही, म्हणून निश्चिंत?

एक संदेश सध्या मोबाइलवर फिरतो आहे: ‘स्तनांचा कर्करोग घराण्यातून येतो. आई-मावशीला नसेल, बाळाला अंगावर पाजलं असेल आणि घट्ट ब्रा, डिओडरंट टाळत असाल तर निश्चिंत राहा. गाठ दुखत नसेल तर घाबरू नका.’ यातलं ‘निश्चिंत राहा’ मला सगळ्यांत घातक वाटतं.

आधी घराण्याचं बघू. हा कर्करोग झालेल्या दर ९ बायकांपैकी साधारण ८ जणींच्या आईला, बहिणीला किंवा मुलीला तो झालेला नसतो. आनुवंशिक जनुकदोषामुळे होणारे रुग्ण १०० मध्ये ५ ते १०. बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकांत दोष असेल तर मात्र धोका खरोखर मोठा असतो. अशा निम्म्याहून अधिक बायकांना आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो. आणि हा दोष वडिलांकडूनही येतो. आपण चौकशी करतो ती आई-मावशीची. आत्या आणि वडिलांची आई राहूनच जातात.

अंगावर पाजल्याने धोका कमी होतो, हे खरं. पण किती? एकूण १२ महिने पाजलं तर मूळ धोक्याच्या सुमारे ४ टक्के. फायदा आहेच, पण त्याला कवच म्हणता येणार नाही.

ब्राचा संबंध अभ्यासांत आढळलेला नाही. डिओडरंटबद्दल सांगतात की घाम अडला की विष आत साठतं. घाम शरीर थंड ठेवण्यासाठी असतो. नको असलेली द्रव्यं बाहेर टाकण्याचं मुख्य काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात.

जे खरंच महत्त्वाचं, ते संदेशात नाहीच: वाढतं वय, दारू (थोडीसुद्धा), पाळी गेल्यानंतर वाढलेलं वजन, पाळी वयाच्या १२ व्या वर्षाआधी येणं किंवा ५५ नंतर जाणं, पाळी गेल्यावर घेतलेली काही हार्मोन्स, तरुणपणी छातीवर झालेले रेडिएशनचे उपचार. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार, जवळपास निम्म्या रुग्णांत स्त्री असणं आणि चाळिशी ओलांडणं यापलीकडे ठळक कारण सापडत नाही. थोडे पुरुषही यात असतात, शंभरात सुमारे एक.

राहिली न दुखणारी गाठ. सुरुवातीच्या काळात कर्करोगाची गाठ बहुतेकदा दुखतच नाही. बऱ्याच गाठी साध्या निघतात, पण ते तपासणीनंतरच कळतं. त्यामुळे नवी गाठ, त्वचेवर पडलेली खळी, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र किंवा त्यातून येणारं रक्त दिसलं, तर घराण्यात कुणाला असो वा नसो, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.