वय ७४, पाळी नियमित

तुमच्याही वॉर्डात केसपेपर जाऊन कॉम्प्युटर आला का? अभिनंदन. आता विद्यार्थ्यांना शिकवायची कटकट संपली. चार युक्त्या सांगतो, अनुभवाच्या आहेत.

राउंड खाटेशी घेऊ नका. स्क्रीन जिथे आहे तिथे घ्या, पंखाही तिथेच असतो. पुढचे तिघे स्क्रीन बघतील, मागच्या पाच जणांना पुढच्यांच्या माना दिसतील. तेवढाच अ‍ॅनाटॉमीचा सराव.

विद्यार्थ्याला स्वतःचं लॉगिन चुकूनही देऊ नका. जेआरचा, म्हणजे ज्युनिअर रेसिडेंट डॉक्टरचा, पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असतोच.

सर्व्हर डाउन? चहा.

आणि कॉपी-पेस्टला नावं ठेवू नका. कालच्या नोंदीची तारीख बदलली की आजची नोंद तयार. परवा फायनल इयरच्या मुलाने टॅबवरून खडाखडा केस मांडली: "वय ७४, मधुमेह, चार दिवस ताप, पाळी नियमित."

आजींनी विचारलं, "कुणाची?"

मी म्हटलं, पुन्हा वाच. त्याने पुन्हा वाचलं, आवाज जराही न हलता. "सर, सिस्टीममध्ये तसंच आहे." कुणीतरी गायनॅकचा, म्हणजे स्त्रीरोग विभागाचा, तयार टेम्प्लेट उघडला होता आणि तो तीन दिवस, तीन सह्यांखालून, वाहत आला होता. खाली होतं, 'पोट मऊ, प्लीहा लागत नाही'. पोटाला हात कुणी लावला? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. त्याच्याखाली, 'औषधांची अ‍ॅलर्जी: नाही'. म्हणजे कुणी विचारलेलंच नाही, तिथे 'नाही' आधीच भरलेलं येतं! आजी म्हणाल्या, "सल्फाच्या गोळीनं मागं अंगभर फोड आले होते, सांगितलंय की त्या सिस्टरबाईंना." सिस्टरनी वहीत लाल शाईने लिहिलंही होतं. पण वही पडली कागदाची, ती कोण वाचतो?

लॉरेन्स वीड या डॉक्टरने १९६८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये सांगितलं होतं की पेशंटच्या नोंदीने डॉक्टरला शिकवलं पाहिजे. तक्रारींची यादी करा, मग प्रत्येकीखाली लिहा: पेशंट काय म्हणतो, तपासणीत काय सापडलं, मला काय वाटतं, आता काय करणार. कॉपी-पेस्ट केल्यावर यातला 'मला' म्हणजे कोण हो?

मी त्या मुलाला ओरडलो नाही. कुठल्या तोंडाने ओरडणार? तीन सह्यांमधली एक माझी होती.

सर, मॅडम, आपण सह्या करतो, वाचत नाही. पोरांना स्वतःच्या नावाने नोंद लिहू द्या, ती बसून वाचा आणि चूक तिथेच दाखवा. वर्षभराची साखर एका क्लिकवर आलेखात दिसते, तो आलेख पेशंटच्या उशाशी उभं राहून कधी कुणाला उघडून दाखवलात? 'वेळ नाही' मला सांगू नका. मीही तेच सांगत होतो.

आजींच्या नावावर त्या सकाळी को-ट्रायमोक्सॅझोल लिहिलेलं होतं, म्हणजे सल्फाच. ते त्यांच्या पोटात गेलं नाही, कारण स्टोअरमधला साठा संपला होता.