चिली, पळी आणि मूठभर भडंग

‘जेवणातलं तेल कमी करा’ हे वाक्य सांगलीत उच्चारायला डॉक्टरला छाती लागते. आमच्या डॉक्टरांनी ते उच्चारलं, पण आईला बाहेर बाकावर बसवून. माझ्या रक्तातल्या चरबीच्या, म्हणजे ट्रायग्लिसराइडच्या, आकड्याखाली त्यांनी लाल रेघ ओढली, आणि पुण्यात आहारशास्त्र शिकणाऱ्या पुतणीनं त्याच संध्याकाळी पाककृती धाडली: कमी कॅलरीची शाकाहारी चिली.

हा पदार्थ म्हणजे मिरचीचा दाट रस्सा, मूळचा अमेरिकेतल्या टेक्सासचा आणि चांगलाच मांसाहारी. १९७७ साली तिथल्या विधिमंडळानं त्याला राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवलं. कट्टर टेक्सासवाले तर त्यात राजमासुद्धा पडू देत नाहीत. आमच्या चिलीत मांस नाही आणि राजमाच राजमा. तिकडं नेली असती तर वेशीवरच अडवली असती.

राजमा रात्री भिजत घातला. मंद आचेवर तासन्‌तास रटरटवत ठेवायचा मोह मला होता, पण पुतणीनं फोनवर दटावलं. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं, ते खळखळून उकळल्याशिवाय मरत नाही. नुसता कोमट शिजवला तर पोट धरून बसावं लागतं. मग काय, कुकर. शिट्ट्यांवर आमच्या घराची श्रद्धा आहेच.

खरी परीक्षा तेलाची. एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी, म्हणजे मोठा चमचाभर तेलात एकशेवीसच्या आसपास. पाककृतीत तेल होतं चार माणसांत एक छोटा चमचा. मी ते मोजून आमच्या लोखंडी कढईत सोडलं. ते मधोमध जाऊन बसलं आणि कांद्याची वाट बघत बसलं. एवढा कांदा येतोय हे कळल्यावर दिसेनासंच झालं. कांदा लागायला लागला की पाण्याचा हबका मारायचा, असं पुतणीनं लिहिलं होतं. हबके मारत मारत कांदा परतला नाही, त्याची आंघोळ झाली.

मग टोमॅटो, ढबू मिरची, मक्याचे दाणे, जिरेपूड. ओरेगॅनोसाठी पिझ्झाबरोबर आलेल्या, फ्रिजच्या दारात साठलेल्या पुड्या फोडल्या. पाप्रिका घरात नव्हती. बायकोनं न विचारता कांदा-लसूण चटणीचे दोन चमचे टाकले. ‘मसाल्यात कुठं कॅलरी असतात, अहो!’ आमच्या चटणीत तळलेला कांदा, खोबरं आणि तीळ असतात. मी काही बोललो नाही. वास पहिल्यांदाच बरा यायला लागला होता.

आईनं झाकण काढलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

‘अजून शिजलं नाही रे.’

‘शिजलंय आई.’

‘मग तवंग कुठाय?’

एक घास खाऊन तिनं निकाल दिला. ‘हा आपला अख्खा मसूरच की. फक्त ह्यात मसूर नाही आणि चव नाही.’ इस्लामपूरकडच्या ढाब्यांवर रोटीबरोबर अख्खा मसूर खाऊन वाढलेल्या माणसांपुढं यावर काय बोलणार?

मी आंघोळीला गेलो. बाहेर आलो तेव्हा घरात लसणाची फोडणी दरवळत होती, पळी ओट्यावर पालथी पडली होती आणि चिलीवर लालभडक कट तरंगत होता. आई देवापुढं माळ ओढत होती, इतक्या एकाग्रतेनं की हाक मारायची सोय नव्हती.

जेवायला सगळे बसले. वर भाजलेल्या चिप्स कुस्करून घालाव्यात, असं पाककृतीत होतं. चिरंजीवांनी भडंगाचा डबा उघडला. आंबट क्रीमच्या जागी दही आलं, सोबत ज्वारीची भाकरी आली, आणि टेक्सासचा संबंध तिथंच संपला. कढई मात्र चाटूनपुसून साफ झाली, हे मान्य करायला हवं. माझाही त्यात हात होता.

रात्री फोनवरच्या ॲपमध्ये नोंद करायला घेतली. राजमा ग्रॅममध्ये टाकला, टोमॅटो टाकले. भडंगाशी येऊन अडलो. माप विचारत होतं.

‘आई, माझ्या ताटात भडंग किती घातलं होतंस?’

‘मूठभर.’

‘कुणाची मूठ?’

‘तुझ्या पोराची. आणि दुसऱ्यांदा माझी.’