खोकला परवडला, पण…

खोकल्याची मला भीती नाही. तो घरात ऐकू जाण्याची आहे. सिंधुदुर्गात डिसेंबरची थंडी ती केवढी, पहाटे दव आणि दुपारी घाम; पण मी नुसतं खाकरलं तरी आजी मागीलदारी जाऊन वईचा अडुळसा ओरबाडते.

कच्ची पानं ठेचली तर रस निघत नाही, नुसता हिरवा चोथा. ती केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर मऊ करायची, मग पिळायची. दहा-बारा पानांचे जेमतेम दोन चमचे, तेवढाच मध. आधी गोड लागतं, मग मागून कडू येतं. वर्षाच्या आतलं बाळ यातून सुटतं, त्याला मध द्यायचाच नसतो. माझं वय मात्र उलटून गेलंय.

काढ्याचं गणित चारास एक. चार कप पाणी, गाठ मारलेली गवती चहाची पात, ठेचलेलं आलं, चार मिरी. झाकण न ठेवता कपभर उरेस्तोवर आटवायचं. तुळस आणि गूळ शेवटी. आमच्याकडे तुळस पहिल्यापासून उकळते. तिचा सगळा अर्क वाफेबरोबर गडग्यापलीकडे जातो. औषध शेजाऱ्यांना, कडू पाणी मला.

सुंठेचा लेप सहाणेवर उगाळून पातळच लावावा. जाड थापला तर वाळताना कपाळ ओढतं, भुवई हलत नाही, आणि शिंक आली की खपल्या ताटात.

अंग दुखत असेल तर ओव्याची पुरचुंडी. कापड सुतीच हवं, नायलॉन तव्यावर चिकटतं. शेकण्याआधी हाताच्या पाठीवर लावून बघायची. आजी स्वतःच्या हाताला लावून बघते, आणि तो हात चुलीवरचा टोप फडक्याशिवाय उतरवतो!

एकच उपाय मी मागून घेतो: कुळथाची पिठी. लसणीच्या फोडणीत दोन वाट्या पाणी, दोन आमसुलं, आणि दोन मोठे चमचे पीठ. पीठ आधी गार पाण्यात कालवायचं. उकळत्यात थेट टाकलं तर बाहेरून शिजतं, आत कोरडं राहतं, आणि गुठळ्या चमच्याला चुकवत फिरतात.

फोडणी चुरचुरली की आजी विचारते, “वास इलो?”

इलो म्हणावं, तर उद्या पोफळीला शिंपायला मी. नाही म्हणावं, तर अडुळसा.